यादीत नसलेला रंग

तात्या टाकीच्या काचेला जवळजवळ नाक लावून उभे राहायचे. कामाची पाळी सुरू झाली की मी, पाळीची इंजिनिअर, तपासणीची यादी काढायची: तापमान, दाब, पंप, पाणी. ते आधी फडक्याने काच पुसायचे, आत पाहायचे आणि मगच माझ्या यादीवर सही करायचे.

बारामतीजवळच्या आमच्या कारखान्यात लाकडाचा लगदा गरम द्रावकात विरघळवतात. त्याचा मधासारखा पाक होतो. तो बारीक भोकांतून पाण्यात सोडला की धागा तयार. टाकीवरचे ऑपरेटर तात्या इंदापूरकडच्या कळस गावचे, पूर्वी गुऱ्हाळावर गुळव्या होते. गूळ कधी उतरवायचा, हे ते पाण्यात थेंब टाकून ठरवत. आमचा पहिला धागा पाहून म्हणाले, "हितं बी तेच की. पाण्यात पडल्यावर पाकाला खोटं बोलता येत न्हाय."

लोक चेष्टा करत, "तात्या, ढेप कधी निघायची?"

"तुमी गप बसल्यावर."

एका सकाळी ते म्हणाले, "म्याडम, लाइन थांबवा. पाक काकवीवर चाललाय, काळा पडाय लागलाय."

मी यादी पाहिली. सगळ्या खुणा बरोबर होत्या. म्हटलं, "दहा मिनिटं बघू."

"यादीला डोळं न्हाईत, म्याडम," एवढंच बोलून ते पाक थंड करायला टाकीत पाणी सोडायला गेले. व्हॉल्व्ह उघडला आणि त्याच क्षणी दाब चढून सुरक्षेची चकती फुटली. गरम पाक त्यांच्या डाव्या हातावर उडाला. पाणी सुटलं होतं म्हणून टाकी वाचली, आम्हीही वाचलो. तापमापक टाकीच्या दुसऱ्या अंगाला होता. तिकडे सगळं ठीकच होतं.

अहवालात मी माझी ती दहा मिनिटं लिहिली. दवाखान्यात तात्यांना वाचून दाखवली.

"हे कशाला लिवलं?"

"घडलं म्हणून."

"मग माझं बी लिवा. न इचारता व्हॉल्व्ह उघडला."

तेही लिहिलं.

त्यानंतर यादीत पहिली ओळ आली: रंग. तिच्यापुढे खुणेची चौकट ठेवली नाही. पाहणाऱ्याने शब्दच लिहायचा. निवृत्तीच्या दिवशी तात्यांनी भाजलेल्या हाताने कागद दाबून धरला, उजव्याने सावकाश लिहिलं, 'मध', आणि फडकं घडी करून काचेखाली ठेवलं.

परवा नव्या ऑपरेटरने त्या ओळीपुढे 'ठीक' लिहून आणलं. मी काचेकडे पाहिलं, ती पुसलेली नव्हती. कागद ऑपरेटरला परत दिला, आणि कागदाबरोबर तात्यांचं ते फडकं.