वाळूजच्या काड्या

ही गेल्यापासून बजाजनगरच्या घरात रविवार फार लांबायला लागला. म्हणून मी गोदाकाठी झाडं लावणाऱ्या मंडळींत जाऊ लागलो. पाणमांजर मुळांच्या आडोशाला बीळ करतं. झाडी गेली, तसं तेही दिसेनासं झालं. त्याच्यासाठी काठावर पुन्हा देशी झाडी उभी करायची होती. मला पाणमांजराची कळकळ होतीच; पण खरं सांगतो, त्याहून जास्त ओढ सगळ्यांनी मिळून सोडलेल्या डब्यांची होती.

आमच्या म्होरक्या म्हणजे कॉलेजातल्या एक बाई. एकदा म्हणाल्या, "काका, वाळुंजच्या काड्या कुणीतरी आणायला हव्यात."

"मी आणतो की!"

उभा जन्म वाळूजच्या कारखान्यात गेलेला. वाळुंज नावाचं झाड असतं, हे मला कुठं ठाऊक? वाटलं, बाईंचा उच्चार जरा नाकातला आहे. वाळूजच्या नाल्यातून बोटाएवढ्या जाड, बिनपानांच्या काड्या तोडल्या आणि मंडळींना चकित करायचं म्हणून मधल्याच वारी, एकट्यानं, काठावर ओळीनं खोचून आलो.

महिन्याभरात सगळ्या तरारल्या. वर जांभळी फुलं!

"बघा, एक मेली नाय," मी छाती काढून म्हणालो. शेजारी जाळं सोडवत बसलेला भोई हसून आडवा झाला.

"काका, हे तर बेशरम! ढोरं बी तोंड लावत नाय. लई पुण्य केलंत!"

बाई मात्र हसल्या नाहीत. "हे बाहेरचं झाड, काका. अख्खा काठ गिळतं. मुळासकट काढा. तुटका तुकडा पडला तरी रुजतो."

मग मंडळी वरच्या अंगाला खरी वाळुंज लावायला गेली, मी खाली बेशरम उपटायला. त्यांचं हसणं पाण्यावरून ऐकू यायचं. डबा मी एकटाच सोडायचो. एकदा चिखलात पंजे उमटलेले दिसले. धावत जाऊन सगळ्यांना बोलावून आणलं. कुत्र्याचे निघाले. पण त्या निमित्तानं पाच मिनिटं माणसं जवळ उभी राहिली.

पावसाळा सरला आणि वरचं काम आटोपलं. बाईंचा फोन आला, "आमचं झालं, काका. आता कुणी येणार नाही. तुमचं संपलं का?"

माझा काठ केव्हाच साफ झाला होता.

"नाय, अजून एक आहे," मी म्हणालो.

खोटं नव्हतं ते. पाण्याकडं तोंड करून, मांडीवर डबा घेऊन, एक बेशरम काठावर अजून होताच.