एकाचे दोन

बोलताना तो मान पार उजवीकडे वळवायचा. तुम्ही समोर बसला असतात, तर हा भिंतीशी बोलतोय असंच वाटलं असतं.

मी ठाण्यात डोळ्यांच्या दवाखान्यात तिरळेपणाचे पेशंट तपासते. डोळा किती वळलाय ते मोजायचं, आणि त्यामुळे रोजच्या जगण्यात काय अडतं, तेही ठराविक प्रश्न विचारून मोजायचं. तो कोपरीचा रिक्षावाला. बाइकवरून पडून डोक्याला मार बसला, तेव्हापासून उजवा डोळा आत वळलेला.

"एकाच्या दोन वस्तू दिसतात?"

"कधीच नाय."

"रस्त्यावर भीती वाटते?"

"कधीच नाय. टेन्शन नका घेऊ, ताई."

हसून सांगत होता. पण बसण्याआधी त्याने खुर्ची हाताने चाचपली होती. डॉक्टरांनी रिक्षा बंद ठेवायला सांगितलं. तो हो म्हणाला.

त्याच आठवड्यात संध्याकाळी मी घाईत रिक्षात बसले. निघाल्यावर ती वळलेली मान ओळखली.

"दादा, आधी थांबवा."

"आलंच, ताई. टेन्शन नका घेऊ."

आरशात दिसलं, तो एक डोळा मिटून चालवत होता. वळणावर समोरून गाडीचे दिवे आले आणि दचकून त्याचा मिटलेला डोळा उघडला. एक बाई रस्ता ओलांडत होती. रिक्षा सरळ तिच्या अंगावर निघाली. मी ओरडले. ब्रेक लागला तेव्हा तिची पिशवी पुढच्या काचेला घासली होती. ती शिव्या देत निघून गेली.

त्याने इंजिन बंद केलं.

"दोन बायका दिसल्या, ताई. मी मधून काढणार होतो."

मग खाली उतरून त्याने रिक्षा ढकलत कडेला लावली. "त्रास होतो बोललो असतो तर गाडी गेली असती. घरात दुसरं कोण कमावतं?"

दुसऱ्या दिवशी तो चालत दवाखान्यात आला. मी सगळे प्रश्न पुन्हा विचारले. रस्त्यावर भीती वाटते का, हेही.

"नेहमी. पोरीचा हात धरून रस्ता पण ओलांडत नाय मी."

पुढे ऑपरेशन झालं. समोरचं एक दिसू लागलं, बाजूला पाहिलं की अजूनही दोन. रिक्षा विकून तो शहाडला मेव्हण्याच्या दुकानात बसू लागला. ऑपरेशननंतरचे प्रश्न मी फोनवर विचारले. उत्तरं चांगली आली. फोन ठेवताना मी सहज म्हटलं, "रिक्षाची आठवण येते?"

"हे पण त्या प्रश्नांत आहे?"

"नाही."

"मग राहू द्या, ताई."