भोंग्याचा पासवर्ड

रिटायर झालेल्या बाईकडे दोन गोष्टी नको तेवढ्या साठतात. एक, झाकण हरवलेले प्लास्टिकचे डबे आणि दुसरे, कंपनीतले किस्से. डबे निदान भंगारवाला नेतो. किस्से कोण नेणार? आम्ही जुन्या चौघी-पाचजणी डोंबिवलीत कुणाकडे तरी जमलो की चहाचं आधण ठेवायच्या आत एखादा सुटतोच. सून आतून विचारते, आई, भोंग्याचा झाला का सांगून? झाला असला तरी मी परत सांगते. घर माझं, चहा माझा.

तर मी मानपाड्याजवळच्या एका केमिकल कंपनीत टेलिफोन ऑपरेटर म्हणून लागलेली. ऐंशीच्या दशकातली गोष्ट. कंपनीच्या गच्चीवर एक भला मोठा भोंगा होता. गॅस सुटला, आग लागली की तो वाजवायचा. ऐकून आतल्यांनी बाहेर पळायचं आणि कंपाऊंडच्या भिंतीला लागून एक वाडी होती, तिथल्या लोकांनी देवळाकडे पळायचं. अशी सोय.

*

भोंग्याचं बटण लाकडी पेटीत आणि पेटीला कुलूप. किल्ली सेफ्टी ऑफिसर जोशीसाहेबांकडे. साहेब तिकडे ठाण्याला नौपाड्यात राहायचे आणि किल्ली जानव्यासारखी कायम अंगावर असायची.

एका रविवारी गोदामामागे ड्रम पेटला. वॉचमनने साहेबांना फोन केला. साहेब म्हणाले, कुणी काही करू नका, मी निघालोच. आंघोळ करून, पूजा आटपून ते पोचेपर्यंत वॉचमन लोकांनी वाळू टाकून आग विझवलेली होती. साहेबांनी सगळं बघितलं, मान डोलावली, पेटीचं कुलूप उघडलं आणि भोंगा वाजवला. अख्खी वाडी पोरंबाळं घेऊन पळाली. मी दुसऱ्या दिवशी विचारलं, साहेब, विझल्यावर कशाला? तर म्हणाले, "आग लागली होती ना? मग वाजवावा लागतो."

*

नव्वदनंतर माझ्या टेबलावर कॉम्प्युटर आला. हिरव्या अक्षरांचा. भोंगा आता त्याच्यातून वाजणार होता. नारळ फुटला, पेढे झाले आणि ठाण्याच्या सॉफ्टवेअरवाल्याचा टाय लावलेला इंजिनीअर आम्हाला समजावून गेला की पासवर्ड टाकल्याशिवाय भोंगा वाजणार नाही, आणि तो फक्त साहेबांना माहीत असेल.

आता आमच्याकडची रीत अशी की साहेब माणूस स्वतः टाईप करत नाही. टाईप करणं हे बाईचं काम. त्यामुळे दर सोमवारी चाचणीच्या वेळी साहेब आपल्या केबिनमधून ओरडायचे, "बाई, ठाणे टाका!" मी टाकायची. मधे पॅसेज, पॅसेजमधे कॅन्टीनची रांग. गुप्त पासवर्ड सगळ्या रांगेला पाठ.

इंजिनीअरने सांगितलं, दर महिन्याला बदला. साहेब शिस्तीचे. पुढच्या महिन्यात कळवा. मग मुंब्रा. मग दिवा. लोकलची स्टेशनं, ओळीने. आता मला सांगा, आमच्या कंपनीत असा कोण होता ज्याला दिव्यानंतर काय येतं ते ठाऊक नाही?

*

कल्याणपर्यंत सगळं सुरळीत चाललं. पुढे पंचाईत, कारण तिथे रेल्वेला दोन फाटे फुटतात. साहेब कर्जतकडे वळणार की कसाऱ्याकडे? कंपनीत उभे दोन तट पडले. स्टोअरचा तावडे टिटवाळ्याचा, म्हणजे कसारा लाइनचा. तो छातीठोकपणे सांगायचा, साहेबांची सासुरवाडी आमच्या बाजूला आहे, शहाडच येणार. कॅन्टीनवाले अंबरनाथचे, त्यांचं म्हणणं विठ्ठलवाडी. वडापावच्या पैजा लागल्या.

एक तारखेला साहेब केबिनमधून ओरडले, "बाई, विठ्ठलवाडी!" पॅसेजमधे टाळ्या. साहेब बाहेर येऊन बघून गेले, त्यांना वाटलं कुणाचा तरी वाढदिवस आहे. तावडेने पैजेचे वडापाव वाटले. संध्याकाळी मला म्हणाला, "सासऱ्याला इतकं तोडू नये माणसाने."

*

त्याच तावडेने नंतर मोठा शोध लावला. स्टोअरमधेही एक कॉम्प्युटर होता, पोती आणि पिंपं मोजायला. माझ्याच्या तारेला जोडलेला. एकदा तावडेचं कोपर भलत्याच बटणावर पडलं आणि समोर भोंग्याचा मेनू उघडला. चालू करा, बंद करा, दोन्ही. पासवर्ड-बिसवर्ड काही नाही! माझ्या कॉम्प्युटरला कुलूप होतं, तावडेच्या कॉम्प्युटरला दारच नव्हतं.

झालं. दुपारची सुट्टी झाली की तावडे भोंगा वाजवायचा. सोमवारची चाचणी लांबली, त्याला कंटाळा आला, की बंद करायचा. कुणाची सेंड-ऑफ असली, वाजव. आपण मॅच जिंकलो, वाजव. साहेबांना वाटायचं वायरिंगमधे दोष आहे.

मीच एकदा इंजिनीअरला पकडून सांगितलं. तो म्हणाला, मॅडम, स्टोअरचा माणूस तो मेनू उघडणारच नाही, त्याचं ते कामच नाही. मी म्हटलं, अहो, रोज उघडतो. तो म्हणाला, पण त्याने उघडायला नाही पाहिजे! मग बराच विचार करून त्याने उपाय केला. स्टोअरच्या कॉम्प्युटरवर एक कागद चिकटवला आणि त्यावर ठळक लिहिलं, 'एफ-नऊ हे बटण दाबल्यास भोंगा सुरू होतो. कृपया दाबू नये.'

तोपर्यंत ते फक्त तावडेला माहीत होतं. त्यानंतर पिंपं उतरवायला येणाऱ्या ट्रकवाल्यांनाही कळलं.

*

या सगळ्यात एकच माणूस कधी हसला नाही. गेटवरचे भगतदादा. वाडी त्यांचीच. भिंतीला लागून पहिलं घर त्यांचं; म्हातारी आई, बायको, तीन पोरं. सुरुवातीला भोंगा वाजला की वाडीतली माणसं पळायची. मग उंबऱ्यात येऊन उभी राहायची. मग तेही बंद झालं. भोंगा वाजला की दादांची आई फक्त भात चुलीवर ठेवायची, कारण तावडेच्या जेवणाची आणि तिच्या जेवणाची वेळ एकच.

एक दिवस दादा माझ्या खोलीत आले. मी तावडेचाच कसलातरी किस्सा सांगून हसत होते. ते ऐकून घेऊन म्हणाले, "बाई, खरा वाजंल तवा माजी मानसं कशी पळतील?" एवढं बोलून गेटवर परत गेले. माझं हसू तिथंच विरलं. मी साहेबांना सांगितलं, तावडेला झापलं, इंजिनीअरला फोन केले. तावडेने कानाला हात लावून शपथ घेतली की पुन्हा वाजवणार नाही. आणि शब्दाला जागला. वाजवणं खरंच बंद केलं. पण वाजणारा भोंगा बंद करण्याबद्दल शपथ घेतलीच नव्हती ना त्याने!

*

आणि मग एका मे महिन्यात, भर दुपारी, गॅस खरंच सुटला. ॲसिडच्या टाकीचा व्हॉल्व्ह गेला, पांढरी वाफ निघाली आणि वारा सरळ वाडीकडे. साहेब केबिनमधून ओरडले, मी टाईप केलं, भोंगा सुरू झाला. आणि थांबला.

मी परत सुरू केला. परत थांबला. लगेच कळलं, तावडे! त्याला वाटलं चाचणी चालली आहे. त्याच्याकडे ट्रक उतरत होता आणि आवाजात त्याची मोजणी चुकत होती. मी फोन लावला, एंगेज. कारण तोही मलाच फोन लावत होता, भोंगा बंद करा म्हणून सांगायला. आम्ही दोघं एकमेकांना फोन करतोय आणि वर भोंगा उचकी लागल्यासारखा वाजतोय. खिडकीतून वाडी दिसत होती. बायका धुणी वाळत घालत होत्या. भगतदादांची आई दारात तांदूळ निवडत बसलेली. कुणी मान वर करून बघितलं नाही.

दादा गेट टाकून धावले. मला वाटलं, आता एकेकाला हात धरून ओढणार, आणि तेवढा वेळ नाही. मला रडूच फुटलं.

दादा वाडीच्या तोंडाशी उभे राहिले आणि छाती फुटेस्तोवर ओरडले, "टँकर आलाय! देवलाकरं पान्याचा टँकर आलाय!"

उन्हाळ्यात त्या वाडीला आठवड्यातून एकदा पाणी यायचं, तेही आलं तर. काय सांगू तुम्हाला, डोळ्याचं पातं लवायच्या आत अख्खी वाडी हंडे-कळशा घेऊन पळत सुटली. धुणी तिथंच. चुली तिथंच. सगळ्यात पुढे दादांची आई, दोन हातांत दोन कळशा. वाफ वाडीत शिरली तेव्हा आत एक मांजरही नव्हतं.

तासाभराने व्हॉल्व्ह बंद झाला. जोशीसाहेब स्वतः देवळापाशी गेले आणि हात जोडून समजावलं की गॅस सुटला होता, आता धोका टळला, घरी जा. कुणी हललं नाही. हंड्यांची रांग लावून सगळे बसलेले. म्हातारी म्हणाली, "गॅसचं ऱ्हाऊ दे. टँकर कवा येल ता सांग."

शेवटी कंपनीला टँकर मागवावा लागला.

*

पुढच्या वर्षी सरकारी साहेब तपासणीला आले. एव्हाना स्टोअरच्या कॉम्प्युटरलाही पासवर्ड बसला होता. भोंगा वाजला आणि पाहतात तर काय, सबंध वाडी, म्हातारे, पोरं, लेकुरवाळ्या बायका, वाऱ्यासारखी देवळाकडे. सरकारी साहेबांनी असली शिस्त जन्मात बघितली नव्हती. इतर कंपन्यांनी इथे येऊन शिकावं म्हणाले. मग त्यांनी जरा बारकाईने बघितलं आणि जोशीसाहेबांना विचारलं, "सगळं उत्तम आहे, पण प्रत्येकाच्या हातात हंडा का?"

जोशीसाहेबांनी माझ्याकडे बघितलं. मी भगतदादांकडे बघितलं. दादांनी टोपी सारखी केली, खाडकन सलाम ठोकला आणि म्हणाले, "साहेब, तुमच्याच स्वागताला."