आबा पडद्यावर दिसले तो आठवडा

धरणाचं पाणी चढत गेलं आणि पवन मावळातलं आमचं गाव त्याखाली गेलं, तेव्हा मी लोणावळ्याच्या एका लॉजमध्ये कामाला होतो. आई आणि आबा, म्हणजे माझे वडील, मळवलीला एका बंगल्याच्या आवारातल्या खोलीत राहायला आले. आबांनी बागेला पाणी घालायचं, आईनं बंगला झाडायचा. आबांना ते काम कधी आपलं वाटलं नाही.

गावात असताना दिवस कलला की ते ओढ्यापलीकडच्या ठाकरवाडीत जाऊन बसत. दारूबंदीचे दिवस होते, पण वाडीतल्या एका म्हातारीच्या झोपडीमागं हातभट्टीची मिळायची. दोन घोट आणि चार माणसांच्या गप्पा, एवढाच त्यांचा शौक. आई त्यावरून रोज भांडायची आणि रोज त्यांची भाकरी झाकून ठेवायची. मळवलीला बसायला ना जागा होती, ना माणसं. संध्याकाळी ते बंगल्याच्या फाटकाला हात लावून नुसते उभे राहत. वर्षाच्या आत साध्या तापाचं निमित्त झालं आणि गेले.

त्यांचा एकही फोटो आमच्याकडं नव्हता. काढायचा प्रसंगच कधी आला नाही.

पुढच्या सालची गोष्ट. सुट्टीच्या दिवशी मी लोणावळ्याच्या थेटरात गेलो होतो. सिनेमाआधी सरकारी माहितीपट लागायचा. तो कुणी बघत नसे. लोक बाहेर विड्या ओढत थांबायचे. मी मात्र आत जाऊन बसायचो, पंख्याखालची जागा मिळावी म्हणून. त्या दिवशी पडद्यावर धरणाची भिंत आली, मग एक गाव आलं. देऊळ बघितलं आणि मी खुर्चीत सरळ झालो. ते आमचं गाव होतं. ओढ्याकडची पायवाट दिसली आणि त्या वाटेनं आबा वर आले. पटक्याच्या शेवानं तोंड पुसत होते. समोर यंत्र घेऊन उभी असलेली माणसं दिसल्यावर थबकले, डोळे बारीक केले आणि बाजूनं निघून गेले. निवेदक हिंदीतून शेतकऱ्याच्या नव्या दिवसांबद्दल बोलत होता. आबा कुठून येत होते ते त्या अख्ख्या थेटरात मला एकट्याला ठाऊक होतं.

पुढचा सिनेमा मी पाहिला की नाही, आठवत नाही. दुसऱ्या दिवशी कामातून वेळ काढून परत गेलो. परत आबा आले, थबकले, गेले. माझ्या मागं कुणीतरी शेंगा सोलत होतं.

गुरुवारी मळवलीला जाऊन आईला सांगितलं. ती तांदूळ पाखडत होती.

"आई, आबा दिसले."

"सपनात?"

"न्हाई. थेटरात, पडद्यावर. गावात ती फोटोवाली माणसं आली होती बघ."

तिचे हात चालूच होते. "काय करत व्हते?"

"ओढ्याकडनं येत होते, तोंड पुसत."

सूप थांबलं. "म्हंजी पिऊन आलं व्हतं," ती म्हणाली आणि हसली. गाव सुटल्यापासून मी तिला हसताना पाहिलं नव्हतं.

पण यायला तयार होईना. गेलेल्या माणसाला असं पुन्हा पुन्हा बघू नये, त्याचा जीव घोटाळतो, असं तिचं म्हणणं. मी रात्री तिथंच राहिलो. सकाळी उठून बघतो तर ठेवणीतलं लुगडं नेसून ती दारात उभी.

"चल. तेवढंच बघू आन् माघारी येऊ."

सिनेमा दुसऱ्या आठवड्यावर गेला होता. बाहेर बोर्ड तोच होता, म्हणून मला शंका आली नाही. आईनं आत शिरताना चपला दाराशी काढल्या; मी त्या उचलून हातात घेतल्या. दिवे गेले तसा तिनं पदर डोक्यावरून पुढं ओढला, घरात आबा येताना ओढायची तसा.

पडद्यावर कुठली तरी सूतगिरणी सुरू झाली. चात्या फिरत होत्या, माणसं हसून कामं करत होती.

"ह्ये का?" आईनं हळूच विचारलं.

"न्हाई."

थोड्या वेळानं, "त्यो कडंचा?"

"न्हाई गं."

सूतगिरणी संपली, सिनेमा लागला, तरी ती दर माणसाकडं निरखून बघत होती. मध्यंतरात मी डोअरकीपरला गाठलं. त्यानं सांगितलं, सिनेमा राहिला तरी माहितीपट दर शुक्रवारी बदलतो; जुन्या फिल्मची पेटी सकाळच्या गाडीनं पुढच्या थेटराला गेली. तळेगावला असेल, नाहीतर कर्जतला.

आई बाकड्यावर बसली होती. तिला सगळं सांगितलं.

"हितनं बी उठीवलं म्हन की त्यांना," ती म्हणाली.

मी तळेगावला गेलो, कर्जतलाही जाऊन आलो. दोन्हीकडं दुसरंच काही लागलेलं होतं. कुणाला विचारायचं तेही मला माहीत नव्हतं. मग मी शोधायचं सोडून दिलं.

पुढं बंगल्याच्या मालकांनी टीव्ही आणला. मुंग्यांतून चित्र दिसायचं. मालक बोलवायचे, आजूबाजूच्या बायका ओसरीवर बसायच्या, आईही बसायची. एकदा मी आत येताना तिचा आवाज ऐकला. ती बायकांना सांगत होती, "आमचं मालक थेटरात आलं व्हतं. मी समोरच बसलेली. वाटेनं आलं, थांबलं, आन् नीट माझ्याकडं बघितलं."

दर वर्षी त्या गोष्टीत थोडी भर पडत गेली. माझं लग्न झाल्यावर तिनं सुनेला सांगितलं की आबांनी पडद्यावरून विचारलं, भाकरी झाली का.

आता आई नाही. आबा आठवू लागले की मला वाट दिसते, ओढा दिसतो, रंग मात्र कशालाच नसतो. ते वर येतात, तोंड पुसतात, थबकतात. थेटरात ते बाजूनं निघून गेले होते, हे मी दोनदा डोळ्यांनी पाहिलंय. पण हल्ली ते जात नाहीत. माझ्या शेजारच्या खुर्चीकडं बघत उभे राहतात, आणि त्यांचे ओठ हलतात.