दुसऱ्या दाराची रांगोळी

तात्या "घावलं!" असं ओरडायचे ते काही सापडायच्या आधीच. टेबलावर थाप मारून, खुर्ची मागे सारून. मी एकदा म्हटलं, "तात्या, सापडल्यावर ओरडा की!" तर म्हणाले, "आधी वरडायचं, मग घावतं. गुरं बी हाक मारल्याबगर येत न्हाईत."

बारामतीतल्या आमच्या छोट्या कंपनीत ते कर्नलवर, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यावर काम करत. वय पस्तिशीचं, पण साऱ्या ऑफिसचे तात्या. घर जवळच्याच सणसर गावात, बोलणं सणसरचं, आणि उत्साह असा की शेजारी बसणाऱ्याचा चहा हमखास सांडायचा. माझे दोन ड्रेस त्यातच गेले.

पहिल्याच दिवशी त्यांनी माझ्या टेबलावर खडूनं चौकोन काढले. "ही मेमरीची पानं. कुठलं पान वापरात हाय, कर्नलला कसं कळायचं? पानाला हात लागला की प्रोसेसर पानांच्या तक्त्यात त्याच्याम्होरं खूण करतो. कर्नल ती पुसतो, आन् जरा वेळानं परत बघतो. खूण उमटली तर पान चालू. न्हाय उमटली तर न्या डिस्कवर, जागा मोकळी! हाय का न्हाय गंमत?" आणि चौकोनांत केलेल्या खुणा बाहीनंच पुसल्या.

कोणतं पान हलवायचं हे ठरवणारा आमचा प्रोग्राम त्यांचाच. आणि त्यानंच घात केला. आसपासच्या गावांचं दूध संकलन आमच्या एका मोठ्या संगणकावर चालायचं. त्याच्या पोटात प्रत्येक केंद्राचा एकेक आभासी संगणक, खोका नसलेला, नुसता सॉफ्टवेअरचा. रोज सकाळी ऐन गर्दीत सगळं ठप्प! वापरातलीच पानं डिस्कवर जायची, परत यायची, पुन्हा जायची. सणसर केंद्राच्या रांगेत तात्यांची आई, आक्का, कॅन घेऊन उभी असायची, आणि बायका तिलाच टोमणे मारायच्या, "तुज्या ल्योकाचं मशिन झोपलं बघ."

शेवटी दूध संघानं बजावलं, उद्या सकाळी अडलं तर गाशा गुंडाळा. तात्यांचं तोंड उतरलेलं मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. "काम गेलं तर जाऊ दे गं," ते म्हणाले, "पर आक्काला रांगेत मान खाली घालाय लागती."

त्या दिवशी आम्ही त्यांच्या घरीच काम मांडलं. पुढच्या खोलीत बॅगा, चार्जर, वायरी. मोबाईलला रेंज गोठ्याकडे, म्हणून आमची ये-जा गोठ्याच्या दारानं. एकदा परत येतो तर सामान गायब! खोलीत पेंडीची पोती, आणि आमचा संसार माळ्यावर. तात्यांनी शिडी लावून सगळं उतरवलं. जरा बाहेर जाऊन आलो, तर पुन्हा माळ्यावर.

तात्या शिडीवरूनच कडाडले, "आक्का! कामाचं सामान हाय ह्ये!"

"मला काय ठावं?" आक्का पदर खोचून उभी. "उंबऱ्याम्होरची रांगोळी जशीच्या तशी हाय. म्हटलं, हितं कोण येतच न्हाय."

"अगं, आमी गोठ्याच्या दारानं..."

तात्या थांबले. हातात चार्जर, एक पाय हवेत. मग असे ओरडले की गोठ्यातल्या म्हशीनं दावं ताणलं. "घावलं! आगं, आपण एकच दार बघतोय!"

अहो, खरंच की! आभासी संगणकानं पानाला हात लावला की खूण उमटायची ती त्याच्या स्वतःच्या, वेगळ्याच तक्त्यात. आमचा प्रोग्राम फक्त मोठ्या संगणकाचा तक्ता बघत बसलेला. तिथली रांगोळी शाबूत, मग काय, उचल सामान! दिवेलागणीच्या आत तात्यांनी दोन्ही तक्ते बघायची सोय केली. मला तर आनंदानं नाचावंसं वाटत होतं.

सकाळी केंद्रावर आक्काच्या दुधाची पावती सर्रकन बाहेर आली. मागच्या बाईचीही, तिच्या मागचीही. आक्का मान ताठ करून घरी गेली, आणि आम्ही पोचेपर्यंत गोठ्याच्या दारापुढेही रांगोळी काढून मोकळी झाली.

आता तात्या परदेशात असतात. पण सुट्टीला आले की गोठ्याच्याच दारानं घरात शिरतात आणि रांगोळीवर मुद्दाम पाय देतात. परवा मी तिथेच होते.

"आंधळ्या, बघून चाल की!" आक्का ओरडली.

"मोडूनच येणार. त्याबगर तुला कळायचं कसं, मी आलोय म्हणून?"

आक्कानं हातातला झाडू कोपऱ्यात ठेवला. दिवसभर तिनं ती मोडलेली रांगोळी झाडली नाही.