शेणकिड्याचे डोळे

दत्तप्रसादला कुणी आर्टिस्ट म्हटलं की तो लगेच सांगायचा, "मी कास्टिंगवाला." आखातात, उम्म अल कुवैनच्या इंडस्ट्रियल एरियातल्या आमच्या वर्कशॉपमध्ये तो बावीस वर्षं साचे ओततोय आणि मी स्टोअर सांभाळतोय. त्याच्या हातात रंगाचा ब्रश मी कधी बघितला नव्हता.

कारण मला ठाऊक होतं. घराणं पेणचं, गणपती करणारं. मूर्ती घरातलं कुणीही रंगवायचं, डोळ्यांची आखणी मात्र फक्त वडील करायचे. एकोणिसाव्या वर्षी यानं हट्टानं एका मूर्तीचे डोळे आखले. वडिलांनी समोरून बघितलं, डावीकडून, उजवीकडून बघितलं. मग म्हणाले, "हिची नजर माझ्याबरोबर फिरत नाही. तुझा हात आखणीचा नाही, बाळा." रागावले असते तर बरं झालं असतं. मायेनं म्हणाले, म्हणून ते याच्या मनाला लागलं ते लागलंच. वडील गेले तरी गेलं नाही.

गेल्या मार्चमध्ये शारजातल्या एका प्रदर्शनासाठी ऑर्डर आली. प्राचीन इजिप्तच्या ताइतांच्या दोनशे प्रती, तळहाताएवढ्या, शेणकिड्याच्या आकाराच्या.

"देवा रे, शेणकिड्याचा ताईत!" दत्तप्रसाद हसला. पण नमुना हातात घेतल्यावर उलटसुलट करून बघू लागला. पाठीवर पंखांच्या दोन-तीन रेघा, पोट सपाट, त्यावर चित्रलिपीच्या बारीक ओळी. ऑर्डर देणाऱ्या नादिया मॅडम कैरोच्या. हा ताईत मृताच्या छातीवर ठेवायचे, असं त्यांनी सांगितलं होतं. ओळींचा अर्थ असा: माझ्या हृदया, न्यायाच्या वेळी माझ्याविरुद्ध साक्ष देऊ नकोस.

त्यानं दोनशेही ओतले, घासले, स्प्रेनं हिरवट निळा रंग मारला. सुरेख झाले होते. आणि गुरुवारी सकाळी येऊन बघतो तर प्रत्येकाला डोळे!

"अरे, हे काय केलंस?" मी ओरडलोच.

"साक्षीला उभं करायचं आणि डोळे द्यायचे नाहीत?" तो खाली बघत म्हणाला. "राहवलं नाही रे."

पेणच्या माणसाशिवाय ही चूक दुसरं कोण करणार! मी कपाळाला हात लावला. तेवढ्यात मॅडमची गाडी लागली.

"ये आँख कौन लगाया? असली में ऐसा नहीं, हबीबी! खलास, सब निकालो!" मॅडम तावातावानं टेबलाभोवती फिरल्या, थांबल्या, परत आल्या. "और ये देखो! मैं इधर जाती, मेरे को देखता. उधर जाती, उधर भी मेरे को देखता. सब का सब!"

दत्तप्रसाद पुढे आला. "मॅडम, एक बार फिर से बोलो."

गेली याची नोकरी, असं मला वाटलं. पण मॅडमनी त्याच्या चेहऱ्याकडे बघितलं. डोळे भरून आले होते त्याचे. काय झालंय ते त्यांना कळलं नसावं, पण आवाज खाली आला. "इधर जाती, मेरे को देखता," त्या सावकाश म्हणाल्या. "उधर जाती, उधर भी देखता."

मग तीन दिवस तो थिनरचा बोळा घेऊन एकेक डोळा पुसत बसला. मला हात लावू दिला नाही. शेवटचा उरला तेव्हा मी म्हटलं, "एक तरी ठेव."

त्यानं तो ताईत टेबलावर मधोमध ठेवला. डावीकडे गेला, उजवीकडे गेला.

"बाबा, फिरतेय हो नजर," म्हणाला, आणि तेही डोळे पुसून टाकले.