तात्या परभणीला का येत नाहीत

माझ्या ब्लॉगवर तुम्ही किल्ले आणि धबधबे वाचायला येता. या वेळी मी पिंपरी-चिंचवड आणि चाकण बघून आले, तेही कामासाठी. नुसतं फिरायला म्हणून तिकडे कुणी जाऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

काम असं होतं. परभणीत गावाच्या कडेला आमचं जुनं वावर आहे, आता त्याच्या चारही बाजूंनी घरं झालीत. ते विकून आम्हाला तळमजल्यावर घर घ्यायचंय. आम्ही भाड्याने दुसऱ्या मजल्यावर राहतो, आईचे गुडघे पार गेलेत आणि मागच्या दिवाळीपासून ती जिना उतरलेली नाही. सांगवीत राहणारा माझा मावसभाऊ सतीश म्हणाला, "ताई, आमची सोसायटी ज्या तात्यांनी बांधली ना, माणूस एक नंबर. जागा घ्यायला त्यांना परभणीत आणता आलं तर बघ." निघताना आईने दशम्या बांधून दिल्या आणि बजावलं, "विहिरीचा विषय काढू नकोस."

ट्रॅव्हल्सने सकाळी सहाला नाशिक फाट्यावर उतरवलं. पहिला रिक्षावाला सांगेल त्याच्या निम्म्यात दुसरा येतो, एवढं लक्षात ठेवा. सतीशकडे अंघोळ उरकून दहाला पिंपळे सौदागरला पोचले. एका सोसायटीखालच्या गाळ्यात तात्या आणि त्यांच्या पुतण्याची फर्म आहे. तात्या सत्तरीचे, मूळचे तिथलेच शेतकरी. माझं बोलणं त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मला चाकनला साइटवर जायचंय. चला, गाडीत बोलू."

नकाशा या रस्त्याला तास दाखवतो, आम्हाला पावणेतीन लागले. भोसरी, मोशी, पुढे कंटेनरमागे कंटेनर. शिफ्ट सुटायच्या वेळी या वाटेला जाऊ नका, आणि गेलात तर पाण्याची बाटली विसरू नका. धुळीने माझा घसा बसला. तात्यांना मात्र इमारती दिसतच नव्हत्या. ते त्यांच्या खालचं सांगत होते. "हितं हरभरा व्हायचा. त्या पार्किंगखाली दोन इहिरी हायेत. हा पेट्रोलपंप वढ्यावर हाय." मला कंटाळा यायला लागला होता, खोटं कशाला बोलू.

मोशीच्या पुढे गाडी अडकली तेव्हा त्यांनी विचारलं, "ताई, तुमच्या जागंत इहीर व्हती का?"

"नाही," मी म्हणाले. इतक्या सहज म्हणाले की माझं मलाच नवल वाटलं.

होती. ईशान्येच्या कोपऱ्यात. मी पाचवीत असताना वडिलांनी ट्रॉल्या भरभरून राडारोडा टाकून ती बुजवली. सातबाऱ्यावर तिचा उल्लेख नाही आणि वर आता गवत आहे. विहिरीची जागा म्हटलं की गिऱ्हाईक भाव पाडतं किंवा पाठ फिरवतं, म्हणून आमच्या घरात तिचं नाव निघत नाही.

चाकणची साइट म्हणजे चार गुंठ्यांचं मोकळं रान. पोकलेन नुसता उभा होता. सावलीत खुर्च्या टाकून तीन म्हातारे चहा पीत बसले होते, आजूबाजूच्या वावरांचे जुने मालक. पाया खणायच्या आधी तात्या अशा माणसांना जागेवर बोलावतात. चहा झाल्यावर त्यातले एक काठी टेकत उठले, एका ठिकाणी थांबून म्हणाले, "हितं वढा व्हता. हितून त्या बाभळीपत्तुर." मजुराने तिथे चुन्याची फक्की टाकून खूण केली. तात्यांनी दुसऱ्या म्हाताऱ्याकडे पाहिलं. "व्हय का रं?" तो म्हणाला, "व्हय."

जेवायला आम्ही जवळच्या खानावळीत गेलो. कंपनीच्या पोरांची गर्दी होती. पिठलं-भाकरी, ठेचा, एकशे वीस रुपये, आणि अगदी पोटभर. तात्यांनी भाकरी मोडली आणि तशीच ठेवली.

"एकदा भाईर गेलो व्हतो मी," ते म्हणाले. "गाव सांगत न्हाई. कागद सगळे चोख. तिथंबी म्हाताऱ्यांना बोलावलं, चहा पाजला. इचारलं, इहीर, वढा, काय व्हतं का? म्हनले, न्हाई, काय न्हाई. जागा इकनारा त्यांच्यातला, मी परका. आमी खड्डा घेतला. बाजूलाच बुजवलेली इहीर व्हती. पाऊस झाला आन् समदा भराव खड्ड्यात आला. खाली नवरा-बायको काम करत व्हते. दोगंबी गेले. तुमच्याच परभनीकडचे."

मी त्यांच्या पेल्यात पाणी ओतलं.

"हितला मानूस खोटं बोलला तर मला त्याच्या तोंडावरनं कळतं. त्याचा बाप म्या पाह्यलाय. तिथं कळलं न्हाई. तुमी मगाशी न्हाई म्हनला. खरं का खोटं, मला सांगता येत न्हाई. म्हनून मी येत न्हाई, ताई. पुतन्या लई भांडतो, धंदा वाढवू म्हनतो. मी हाय तवर न्हाई."

त्याच वेळी सांगून टाकायला हवं होतं. मी सांगितलं नाही. "बरं," म्हणाले आणि पिठलं संपवलं. याची मला अजून लाज वाटते.

परभणीला आल्यावर आईला सगळं सांगितलं. तिने एवढंच विचारलं, "विहिरीचं काढलं नाहीस ना?"

दोन आठवड्यांनी संभाजीनगरच्या एका बिल्डरचा माणूस टेप घेऊन जागेवर आला. चारही बाजू मोजल्या, फोटो काढले, कागद पाहिले. विहिरीचं काही विचारलं नाही. निघाला तेव्हा मी त्याला कोपऱ्यात नेलं आणि म्हणाले, "इथं विहीर होती."

"कागदावर तर नाही."

"नाही. पण आहे."

त्याने वहीत काहीतरी लिहिलं आणि कळवतो म्हणाला. अजून कळवलेलं नाही. घर लांबणीवर पडलं, आई वरच आहे आणि आठवडाभर ती माझ्याशी एक शब्द बोलली नाही. तिचं चुकतं असं मला म्हणवत नाही, जिना तिला उतरायचाय.

काल भाजी निवडताना ती खाली मान घालूनच बोलली.

"ते नवरा-बायको कोणत्या गावचे होते गं?"

मी तात्यांना ते विचारलंच नव्हतं.